टाकीच्या सावलीतली शेवंती

१८ ऑगस्ट

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, रोज संध्याकाळी माझ्यावर ओरडतेस ते यात ओरड. मी सहन करतो, पण दुकानातलं गिऱ्हाईक बिचकतं. त्याचं चष्म्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि माझा आवाज मागच्या बागेतूनही तिथवर पोचतो, असं त्याचं म्हणणं. परवा एक बाई डोळ्यांचा नंबर तपासून घेत असताना मी मागे काहीतरी बोलले, तर तिने समोरची अक्षरं सोडून दाराकडेच बघायला सुरुवात केली म्हणे.

ठीक आहे. वहीत ओरडते.

माझ्या बागेच्या भिंतीपलीकडे उंच लोखंडी खांब उभे राहिलेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर परातीएवढे दिवे. काल संध्याकाळी ते पहिल्यांदा लागले. मी वाफ्यात तण काढत होते. अंधारलं म्हणून उठणार, तेवढ्यात असा पांढराफटक उजेड अंगावर आला की वाटलं, ट्रकच भिंत फोडून आत आला. हातातलं खुरपं पडलं. बघते तर खताच्या पिशवीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती, तीही चष्म्याशिवाय.

बरं, हा उद्योग परक्याचा नाही, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा आहे. वडिलांनी जागेचे दोन भाग करून दिले. माझ्या भागात मी लग्नाआधीपासून शेवंती लावते. त्याच्या भागात आधी लाकडाची वखार झाली, मग गाड्या धुवायचं केंद्र, आणि आता प्लास्टिकचं गवत अंथरलेलं फुटबॉलचं मैदान. लहानपणी अंगाने एवढासा होता म्हणून नाव पडलं टिल्लू. आता दारातून वाकून आत येतो, तरी टिल्लूच.

त्याचा फोन आला. आवाजात कोण कौतुक. म्हणाला, "ताई, आता तुला बागेत दिवा लावायला नको. फुकटचा उजेड."

मी फोन ठेवून दिला.

२१ ऑगस्ट

पडद्यावर पडदा लावला तरी फटीतून उजेड येतो आणि नेमका माझ्या उशीवर पडतो. नवरा डोळ्यांवर पायमोजा टाकून झोपला. मला ते जमत नाही, मला मोज्याचा वास येतो.

सकाळी मैदानावर जाऊन टिल्लूला सांगून आले की दिवे खाली वळव. तो हसला. म्हणाला, ताई, सवय होईल. या दोन शब्दांइतकी चीड मला दुसऱ्या कशाची येत नसेल. सवय मी का करायची? भिंत ओलांडून मी गेले की तुझा उजेड आला?

जेवताना मी जाहीर करून टाकलं की या घरातलं कुणीही त्या मैदानावर पाऊल टाकणार नाही. नवऱ्याने लेकीकडे बघितलं. लेकीने ताटात बघितलं आणि मुकाट्याने मान हलवली. पंधराव्या वर्षी मुली प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतात असं ऐकते, पण हिला निदान माझं म्हणणं पटतं. बरं वाटलं.

२ सप्टेंबर

आज खांबांखाली पाखरांचा सडा. मरून पडलेले पतंग, चतुर, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत असे हिरवे, नाजूक पंखांचे किडे. टिल्लूचा झाडूवाला ते सुपलीने भरून टाकत होता. हेच किडे माझ्या बागेत यायला हवे होते. आणि एक कोणतातरी पक्षी ऐन मध्यरात्री गातो. त्याला वाटतं उजाडलं. मला त्या पक्ष्याची दया येते आणि रागही येतो. गाढवा, झोप.

लेक हल्ली दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. मन लावून करते आहे. येते ती दमून, घामाघूम, आणि दोनदा वाढून घेते. अभ्यासाने इतकी भूक लागते हे मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी नव्हती लागत.

१२ सप्टेंबर

शेवंतीला कळ्या नाहीत.

एव्हाना शेंड्याशेंड्यावर मोहरीएवढ्या दिसायला हव्या होत्या. झाडं मात्र कशी, तर हिरवीगार, उंच, माजलेली. पानंच पानं. खत जास्त झालं का? पाणी जास्त झालं का? शेंडे खुडायला उशीर झाला का? भिंगातून एकेक शेंडा पाहिला. कीड नाही, रोग नाही, काही नाही. नवऱ्याने दुकानातलं चांगलं भिंग दिलं, वर विचारलं की झाडांचा नंबर काढू का. आज विनोद अंगाला लागत नाहीत.

फुलवाली येऊन गेली. बाजारातलं मोठं दुकान आहे तिचं, माझी सगळी फुलं तीच उचलते. वाफ्यांवरून नजर फिरवून काही बोलली नाही. बाई बडबडी आहे. ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

१९ सप्टेंबर

सापडलं. घाईत लिहितेय, अक्षर खराब येणार.

बागेच्या मध्ये पाण्याची टाकी आहे, चार खांबांवर. आज दुपारी टाकीमागच्या वाफ्यात नळी ओढायला गेले तर तिथे कळ्या. भरगच्च कळ्या. हातभर अंतरावरच्या झाडांना एकही नाही. एकाच वाफ्यात, एकाच मातीत, एकाच पाण्यावर. मी खुळ्यासारखी बघत उभी राहिले. कळ्यांची झाडं जिथे संपत होती तिथे सुरीने कापल्यासारखी रेघ होती.

संध्याकाळ होईपर्यंत थांबले. दिवे लागले. टाकीची सावली वाफ्यावर पडली. मी चुन्याची पिशवी घेतली आणि सावलीच्या कडेकडेने भुकटी टाकत गेले. रेघेच्या आत सगळ्या कळ्या. रेघेच्या बाहेर नुसता पाला.

नवऱ्याला हाक मारली. तो आला, रेघ बघितली, खाली बसून झाडं बघितली. पहिल्यांदाच त्याने काही विनोद केला नाही.

शेवंतीला लांब, सलग रात्र लागते. दिवस लहान झाला, रात्र मोठी झाली की ती समजते, आता फुलायचं. मध्येच उजेड आला की तिची रात्र मोडते आणि ती पानं काढत बसते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फुलं लांबवायची असली तर आम्ही माळी लोक स्वतःच वाफ्यावर बल्ब लावून ठेवतो. मी लावलेत. आणि आठवडाभर मी मातीत नाक खुपसून कीड शोधत बसले, एकदा मान वर करून बघितलं नाही. कीड खांबावर बसली होती.

२१ सप्टेंबर

टिल्लूला दंडाला धरून वाफ्यात आणलं. चुन्याची रेघ दाखवली. त्याचा चेहरा खरंच पडला. लहानपणी माझा पतंग फाडून आला होता तेव्हा असाच दिसला होता. म्हणाला, मला काय माहीत ताई, झाडं झोपतात म्हणून.

मला वाटलं, आता हा काहीतरी करेल.

आज सकाळी त्याने काय केलं, तर काळ्या कापडाचा गठ्ठा पाठवला. रोज संध्याकाळी वाफे झाकायचे, रोज सकाळी उघडायचे. म्हणजे दिवे त्याचे, आणि पळापळ माझी. तळपायाची आग मस्तकात गेली. गठ्ठा उचलला आणि भिंतीवरून पलीकडे फेकला. तो तिकडेच उभा होता, बहुतेक अंगावरच पडला असावा.

भिंतीच्या दोन बाजूंनी आमचं भांडण झालं. मी म्हणाले, झाकायचंच तर तुझा दिवा झाक, माझ्या झाडांच्या डोळ्यांवर पट्टी का बांधू? तो म्हणाला, दिव्यांना टोप्या घातल्या तर मैदानावर उजेड कमी पडेल, दिवेवाल्याने तसं सांगितलंय. मी म्हणाले, पडू दे. मग तो हळू आवाजात बोलला, "ताई, इथे खेळायला कोण कोण येतं हे तुला माहीत तरी आहे का?"

"मला माहीत करून घ्यायचंही नाही," मी म्हणाले.

तो पुढे काहीतरी सांगणार होता, पण मी ऐकायला थांबले नाही. ऑफिसात दिवसभर बसून ढेरी सुटलेले पुरुष येतात, दुसरं कोण येणार. शिट्ट्या आणि आरडाओरड रोज ऐकते की मी.

२५ सप्टेंबर

नगरपालिकेत तक्रार करायची ठरवली. आजूबाजूला फिरले. गच्चीवर दुर्बीण लावून बसणारे निवृत्त मास्तर म्हणाले, आता दुर्बिणीत फक्त टिल्लू दिसतो. कोपऱ्यावरच्या घरातल्या नव्या आईने तर माझा हातच धरला, तिचं बाळ रात्रभर टक्क जागं असतं. सगळ्यांनी सह्या दिल्या. म्हणजे मी एकटी वेडी नाही.

तक्रार कंप्युटरवर नीट टाइप करून दे असं लेकीला सांगितलं. ती सरळ नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. कारण काय तर परीक्षा. मी म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे. तिने खोलीचं दार आपटलं. नवरा म्हणाला, राहू दे, मी करतो. आणि त्यानेही तीन वेळा विचारलं, खरंच द्यायची का तक्रार, एकदा टिल्लूशी बसून बोलूया का. हा नेहमी त्या दोघांना पाठीशी घालतो.

लेक लंगडतेय. जिन्यावर पाय मुरगळला म्हणते. नवऱ्याने घोट्याला पट्टी बांधून दिली, अगदी सराईतासारखी. चष्मेवाल्याला हे कुठून आलं कोण जाणे.

७ ऑक्टोबर

आज नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले. हातात उजेड मोजायचं छोटं यंत्र. आले दुपारी. रणरणत्या उन्हात यांनी खांब पाहिले, माना डोलावल्या आणि म्हणाले, आत्ता तर काही त्रास दिसत नाही. मी म्हणाले, साहेब, दिवे संध्याकाळी लागतात. ते म्हणाले, आमची वेळ पाचपर्यंत.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, चहा घ्या, खुर्चीवर बसा, पण दिवे लागेपर्यंत मी तुम्हाला सोडणार नाही. बसले बिचारे. दिवे लागले, यंत्र धरलं, आकडा बघून भुवया वर गेल्या. तरी म्हणतात, नियम रस्त्यावरच्या दिव्यांना आहे, खाजगी दिव्यांना थेट नियम नाही. भोंग्याला नियम, धुराला नियम, सांडपाण्याला नियम. उजेड कितीही सांडा, तो कचरा नाही.

सुनावणीची तारीख दिली आहे.

१४ ऑक्टोबर

सुनावणी. दोन कुंड्या घेऊन गेले, एकीत टाकीच्या सावलीतलं झाड, दुसरीत बाहेरचं. साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. एक कळ्यांनी लगडलेलं, दुसरं नुसता पाला. भाषण करायची गरजच पडली नाही. टिल्लू समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

हुकूम निघाला. सोमवार ते गुरुवार अंधार पडल्यावर मैदानावरचे दिवे बंद. शुक्रवार, शनिवार, रविवार कंपन्यांच्या स्पर्धांसाठी खास परवानगी, उशिरापर्यंत.

मी जिंकले असं सगळे म्हणाले. घरी येताना वाटेत हिशेब जुळेना. आठवड्यातले चार दिवस अंधार मिळाला म्हणून शेवंती चार दिवसांपुरती फुलत नाही. मधल्या तीन रात्रींनी परत सगळं मोडणार. मुळात दिवा वाईट लावलाय त्याचं काहीच नाही, तो फक्त कोणत्या वारी लावायचा एवढंच ठरलं. दुखतंय डोकं आणि साहेबांनी पट्टी बांधली गुडघ्याला.

१८ ऑक्टोबर

लेक आता संध्याकाळी घरीच असते. अभ्यासाचा गट मोडला म्हणे. एकदाच वाढून घेते, तेही टाकते. खिडकीत बसून असते. घरात दिसते हे बरंच झालं म्हणा, पण बोलत नाही. वयच तसं.

नवराही बोलत नाही. त्याचं वय काय म्हणून?

२० ऑक्टोबर

आज सुट्टी. सकाळी फाटकापाशी मुलींचा घोळका. चौदा-पंधरा वर्षांच्या, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टीशर्ट. मला वाटलं, शाळेच्या कार्यक्रमाला फुलं हवी असतील. मी म्हणाले, या वर्षी फुलं नाहीत गं पोरींनो, त्या भिंतीपलीकडच्या दिव्यांची कृपा.

त्यातली एक काठीसारखी उंच मुलगी पुढे आली. फार नम्र होती. म्हणाली, "काकू, आम्ही फुलांसाठी नाही आलो. सोमवार आणि गुरुवार आमचे होते. तुम्ही ते बंद केलेत."

मला आधी कळेचना. तिने समजावून सांगितलं. दिवसा शाळा, त्यामुळे संध्याकाळ हीच वेळ. शाळेचं मैदान मुलांनी अडवलेलं. माझ्या भावाने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यांना दिल्या, काही न घेता. नोव्हेंबरात त्यांचे पहिले सामने आहेत. मी म्हणाले, मग टिल्लूने सुनावणीत का नाही सांगितलं? ती मुलगी पायाकडे बघायला लागली. सगळ्याच बघायला लागल्या.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, माझ्याच घरातून, लेक बाहेर आली. अंगात तोच निळा टीशर्ट. माझ्या अंगावरून पुढे गेली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

मी विचारलं, "कधीपासून?"

"ऑगस्टपासून. मामाने कुणाला सांगितलं नाही, कारण मी त्याला शपथ घातली होती."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं कुठे होतंस आई? तू जाहीर केलं होतंस."

फाटक लोटलं आणि आत आले. नवरा चष्म्याच्या काचा पुसत बसला होता, आधीच स्वच्छ असलेल्या. म्हणजे यालाही माहीत. घोट्याची पट्टी, मैत्रिणीकडचा अभ्यास, सगळं माहीत. या घरात, या गल्लीत, सगळ्या जगाला माहीत होतं, एक मी सोडून. मी त्याला बोलायचं ते सगळं बोलले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगणार होतो. पण तुझ्याकडे दुसऱ्या कुठल्या गोष्टीला जागाच नव्हती. सगळीकडे दिवेच होते."

राग आलाय. त्याचा, टिल्लूचा, लेकीचा, साहेबांचा. सगळ्यात जास्त कुणाचा आलाय ते आज लिहीत नाही.

२३ ऑक्टोबर

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आज लेकीच्या खोलीत गेले, दार वाजवून. ती बसली होती तशीच बसून राहिली. मी म्हणाले, मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण दिव्यांतलं आता कळतं. त्या दिव्यांत तुला कसं दिसतं ते सांग.

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. म्हणाली, "खरं सांगू? वाईट दिसतं. वरून चेंडू आला की तो दिव्यात जातो आणि नाहीसाच होतो. आमची गोलकीपर तर म्हणते, डोळे मिटून उडी मारते."

ती काठीसारखी मुलगी गोलकीपर आहे.

मी तशीच उठून दुकानात गेले आणि नवऱ्याला कामाला लावलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले त्याच्याशी, तेही कामापुरतं. त्याने सांगितलं, दिवा तिरपा, सरळ डोळ्यांत येणारा असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि मग उजेड भरपूर असूनही माणसाला कमी दिसतं. समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आल्यावर होतं तसं.

म्हणजे माझ्या वाफ्यावर सांडतो तोच उजेड त्या मुलींच्या डोळ्यांत जातो. मैदानावर पडायचा तो बाजूलाच उडून चाललाय, आकाशात, मास्तरांच्या दुर्बिणीत, त्या बाळाच्या पाळण्यात. कुणाच्याच कामाचा नाही. आणि इतके दिवस मी आणि टिल्लू भिंतीच्या दोन बाजूंनी भांडत बसलो की उजेड हवा की अंधार.

आता खरा राग आला.

२८ ऑक्टोबर

दिवेवाल्याला टिल्लूच्या ऑफिसात बोलावून घेतलं. गोडबोल्या माणूस. खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं की खांब कमी लावून काम उरकायचं म्हणून दिवे वर तोंड करून बसवले, म्हणजे लांबवर फेकले जातील. टोप्या घातल्या तर उजेड कमी पडतो हे त्याने टिल्लूला सांगितलं, पण दिवे खाली वळवले तर कमी पडत नाही हे सांगितलं नाही. टिल्लूने कधी नव्हे ते आवाज चढवला. मी चढवला नाही. भाऊ ओरडत असताना बहिणीने जरा दम खाल्ला तर चालतं.

३० ऑक्टोबर

साहेबांचा हुकूम मैदानाला अंधारात ठेवतो, त्यामुळे दिवे लावून बघायचे कसे? शुक्रवारी कंपन्यांची परवानगी असते, ती वेळ वापरायचं ठरवलं. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून टोप्या करून घेतल्यात, आतून पांढऱ्या, बाहेरून काळ्या. उद्या बघू.

३१ ऑक्टोबर

टिल्लू शिडीवर, मी वाफ्यात. एकेक दिवा खाली वळवायचा, टोपी बसवायची आणि मी ओरडून सांगायचं, अजून येतोय. त्याला वाटत होतं झालं, मला वाटत होतं नाही. माझी परीक्षा सोपी होती. वाफ्यावर माझी सावली पडते तोवर उजेड येतोय. एका दिव्यापायी तो पाच वेळा वर चढला. वरून म्हणाला, ताई, लहानपणीसुद्धा तू अशीच छळायचीस. मी म्हणाले, लहानपणी तू शिडीवर मावत होतास.

शेवटच्या खांबाची टोपी बसली आणि माझी सावली विरून गेली. हात समोर धरला, दिसेना. मी तिथेच उभी राहिले. पलीकडून लेकीचा आवाज आला. ती गोलकीपरला घेऊन मैदानात उतरली होती. म्हणाली, आई, चेंडू दिसतोय.

कंपनीचे लोक कुरकुरले, मैदान पहिल्यासारखं झगमगत नाही म्हणाले. झगमगाट हवा तर लग्नाच्या हॉलवर जा.

४ नोव्हेंबर

परत नगरपालिका. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याच तक्रारीवरून हुकूम काढला. आता तुम्हीच म्हणता दिवे लावू द्या?"

मी म्हणाले, लावू द्या, पण नीट. टोप्या घालून, खाली वळवून, पिवळसर, लागेल तेवढेच, आणि नऊच्या ठोक्याला बंद, रोज. कंपन्यांनाही. ते म्हणाले, फाइल बंद झाली. मी विचारलं, फाइल म्हणजे काय दवाखाना आहे, वेळ संपली की बंद? बाहेरचा शिपाई हसला, साहेब नाही हसले. मी खुर्चीत बसून राहिले. मला संध्याकाळपर्यंत बसायची सवय आहे हे त्यांना आठवलं असावं. पाचच्या आधी फाइल उघडली.

टिल्लूची उशिराची परवानगी गेली. एक कंपनी मैदान सोडून गेली. तो माझ्याशी धड बोलत नाही. माझं बरोबर आहे हे त्याला पटलंय, म्हणून तर जास्तच चिडलाय. चिडू दे. मलाही तो राग माहीत आहे.

१६ नोव्हेंबर

भिंतीलगतच्या वाफ्यांना आता कुठे कळ्या धरल्या. फुलतील तेव्हा त्यांना विचारणारं कुणी नसेल. फुलवालीने या हंगामाचा माल दुसरीकडून घेतला. तिची चूक नाही, तिचं दुकान थांबत नाही. पण तिच्याकडे परक्याची शेवंती बघितली आणि दुकानात न शिरताच परत फिरले. सगळे म्हणतात, झालं ना आता मनासारखं. काय झालं? एक हंगाम गेला तो गेला. तो भरून द्या असा हुकूम कोणी काढत नाही.

आणि आता मला सगळीकडे दिवेच दिसतात. पेट्रोल पंपाचं छप्पर. रिकाम्या ऑफिसांचे मजलेच्या मजले. एका बंगल्याने झाडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिवे गुंडाळलेत, काय ती झाडं चोरीला जाणार आहेत? काल रात्री बाजारातून येताना लेक सोबत होती. मी प्रत्येकाबद्दल काहीतरी बोलत होते. घराजवळ आल्यावर तिने आमच्या फाटकावरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. उघडा बल्ब, रात्रभर चालू, सरळ समोरच्या घरात. तो मीच लावलेला.

पत्र्यावाल्याला आणखी एक टोपी सांगितली. लेक हसत होती ते मला दिसलं, पण मी लक्ष दिलं नाही.

२९ नोव्हेंबर

पहिल्यांदा मैदानावर गेले. सामना बघायला. नवरा, कोपऱ्यावरची आई, तिचं बाळ, दुर्बीणवाले मास्तर, सगळे आले होते. बाळ ढाराढूर झोपलेलं. टिल्लूने माझ्यासाठी खुर्ची आणली, खाली ठेवली आणि निघून गेला. खुर्ची पुसलेली होती.

लेक खेळताना अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. घरात ही मुलगी पाण्याचा पेला उचलायला आळस करते. इथे अंगावर धावून जाते, पडते, उठते, ओरडते. माझ्यासारखं ओरडते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले.

शेवटाकडे तिने गोल केला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, चेंडू जाळ्यात गेला. पंचाने शिट्टी वाजवून तो रद्द केला. कसलातरी नियम. कोण कुठे उभं होतं म्हणे. मी खुर्चीतून उठले आणि रेघेपर्यंत गेले. नवरा मागून माझी ओढणी धरत होता. त्या पंचाला मी काय बोलले ते वहीतसुद्धा लिहिण्यासारखं नाही. दुकानातलं गिऱ्हाईकच काय, अख्खं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. टिल्लूने तोंडावर हात ठेवला होता. हसत होता की काय, माहीत नाही.

त्या हरल्या. घरी येताना लेकीने बूट काढून हातात घेतले. मग म्हणाली, "आई, तो ऑफसाइड होता. पंचाचं बरोबर होतं. पुढच्या वेळी तू येऊ नकोस."

मी येणार आहे.